हळदीच्या कागदाची वारस

मी, चांगुणा बन्सी तुवर, वय ७२, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा दाखला डॉ. कानिफनाथ लांडे यांनी आज दिला. उलट त्यांच्या दवाखान्यातल्या पित्ताच्या गोळीच्या जाहिरातीतली चूक मीच त्यांना दाखवली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते, ते नाही.

१. भावाचा मुलगा कल्याण यास माझ्या वडिलांचे मनगटी घड्याळ द्यावे. तो दिवाळीला येतो आणि एका दमात विचारतो, "आत्या, तब्येत बरी ना? अन् घराचं काय ठरवलं?" घर त्याला नाही. हे रागाने लिहीत नाही. खरे तर रागानेच लिहीत आहे, तसेच राहू द्यावे.

२. टीव्ही आणि व्हीसीआर टीव्ही दुरुस्ती करणारे बाबाजान शेख यांना. दोन्ही बंद आहेत, पण त्यांच्या हाताला चालू होतील. दर सोमवारी माझ्या वर्गात पोरांनी पेपर, रेडिओ किंवा टीव्हीतली एक जाहिरात आणायची आणि ती आम्ही तपासायची, असा तेहतीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यासाठी बाबाजानभाई मला जाहिराती टेप करून देत. "लोक शिरियली टेप करत्यात, बाई, अन् तुमी साबन!" असे म्हणत, पण एकही सोमवार चुकवला नाही. लिंबाची ताकद सांगणारा साबण आम्ही हळदीच्या कागदावर घासला. आम्लारीने हळद लाल होते, लिंबाने होत नाही; इथे लाल झाली. पोरे ओरडली, "बाई, लिंबू निस्तं वेष्टनावरच हाय!" रसायनशास्त्राच्या तासाला इतके हसणारा वर्ग जिल्ह्यात दुसरा नसेल.

३. "आज टीव्ही आणलात, उद्या वर्गात तमाशा आणाल," असे स्टाफसमोर म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना काही नाही. नाव लिहून कागद खराब करत नाही.

४. आता जे लिहायचे म्हणून हे मृत्युपत्र करते आहे ते.

सन १९९८ साली दहावीत रेश्मा छगन निमसे ही मुलगी होती. तिच्या वडिलांचे गुऱ्हाळ होते. एका सोमवारी तिने साप्ताहिकातली त्यांचीच जाहिरात आणली आणि मोठ्या अभिमानाने वाचली, "रसायनमुक्त गूळ". मला हुशारी सुचली. "रसायनमुक्त तर पाणीसुद्धा नसतं गं," मी म्हणाले. वर्ग हसला. मग तिच्याच डब्यातला गूळ पाण्यात विरघळवून मी हळदीचा कागद बुडवला. कागद लाल झाला. गुळात सोडा होता. वर्ग आणखी हसला, आणि मीही हसले.

पुढच्या बाजारी गिऱ्हाइके हळद घेऊन गुळापाशी उभी राहिली. छगनराव माझ्या दारात आले. "परयोग तुमचा झाला बाई, अब्रू आमची गेली." एवढेच बोलले. रेश्मा परीक्षेला बसली नाही. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न श्रीरामपूरकडे लावले आणि घरच्यांनी गाव सोडले. गुळात सोडा होता हे खरे, पण तो तास संपल्यावर एकटीने तपासता आला असता. मला टाळी हवी होती.

श्रीरामपूरच्या स्टँडवर मी दोनदा उतरले आणि चहा पिऊन परत आले. सासरचे आडनाव ठाऊक नाही. पत्ता कोणाच्या नावाने विचारायचा?

५. माझे सोनईतील राहते घर आणि जाहिरातींच्या कात्रणांची पत्र्याची पेटी मी रेश्मा हिला देते.

६. तिला शोधण्याचे काम बाबाजानभाईंची नात सुमैरा हिने करावे. तिला मी व्यवस्थापक नेमते. सुमैरानेच माझा सोमवारच्या प्रश्नांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सुरुवातीला दोनशे पोरे होती. आता बहुतेक जण नुसते बघतात. पण एक अनोळखी नंबर दर सोमवारी उत्तर देतो, आणि बरोबर देतो. नाव नाही, फोटोच्या जागी जास्वंदीचे फूल. जास्वंदीचा रसही हळदीसारखा रंग बदलतो, हे माझ्याकडे शिकलेल्यालाच सुचेल. किंवा गणपतीला फुले वाहणाऱ्या कोणालाही. सुमैरा म्हणते, "बाई, एकदा फोन लावून विचारा ना!" नाही विचारले. "कोण रेश्मा?" असे उत्तर आले तर माझा सोमवारही जाईल.

७. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सोमवारी सुमैराने ग्रुपवर हा प्रश्न टाकावा: "चुन्याने लाल झालेला हळदीचा कागद पुन्हा पिवळा होतो का? कशाने?"

"लिंबू" असे उत्तर कोणीही देईल. त्याला शाबासकी द्यावी. पण नववीत हे रेश्माने स्वतः शोधले होते, मी शिकवायच्या आधी. वहीत तिने लिहिले होते, "लिंबू पिळलं की त्याचा राग उतरतो." ती वही पेटीत तळाशी आहे. राग उतरल्याचे जो लिहील, त्या नंबरावर फोन करावा, ओळख पटवावी आणि किल्ली द्यावी. हा प्रश्न मी जिवंतपणी विचारू शकले असते. छाती झाली नाही. नुसते "लिंबू" आले असते, तर पुढच्या सोमवारी कोणासाठी प्रश्न काढला असता?

उत्तर न आल्यास वर्षभर दर सोमवारी हाच प्रश्न टाकावा. तरीही न आल्यास घर सुमैराने पोरांच्या प्रयोगांसाठी उघडे ठेवावे. पेटी मात्र रेश्माच्या नावाने तशीच ठेवावी.

साक्षीदार समोर बसले आहेत. पंकजाताई म्हणतात, "करा की सही, गॅसवर दूध ठेवून आलेय." आज सोमवार, सकाळचा प्रश्न टाकला आहे, त्याचे जास्वंदीच्या नंबरावरून उत्तर यायचे होते म्हणून थांबले. आत्ता आले. बरोबर आहे. सही करते.

चांगुणा बन्सी तुवर (सही)

साक्षीदार, आमच्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सही झाली:
१. डॉ. कानिफनाथ लांडे (सही)
२. सौ. पंकजा गडाख, शेजारी (सही)

ठिकाण: सोनई
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार