पाहुण्यांची कपबशी

सोमवार, संध्याकाळ. नाशिक रोड.

जर्मनीत शिकायला गेले त्याला दोन वर्षं झाली. काल पहिल्यांदा सुट्टीला घरी आले. आज सकाळी आईने चहा दिला आणि माझ्या तोंडून सवयीने ‘थँक यू’ गेलं. तिकडे दिवसभर म्हणतेच की सगळ्यांना! बाबा अंबडला कामावर निघाले होते. बूट घालता घालता म्हणाले, “आईला कसलं गं थँक यू?” आई नुसती हसली.

आत्ताचा चहा पाहुण्यांच्या कपबशीत आला. माझा स्टीलचा पेला मांडणीवर तसाच होता. मुद्दाम केलं असेल? छे, तिच्या लक्षातही आलं नसेल. त्याचंच जास्त लागलं. कपबशी हातात देऊन ती उभीच राहिली.

“साखर बरोबर झालीय ना?”

हे तिने मला आजवर कधीच विचारलं नव्हतं.