उगमाकडे निघण्याआधी

दादा,

पुढच्या सोमवारी निघतेय. आपण ठरवलं होतं तसंच, डोंगरातल्या उगमापासून थेट समुद्रापर्यंत, नदीचा काठ धरून. तू बुडालास त्याला सहा वर्षं झाली, पण नदीच्या पाण्यात हात घालायची हिंमत मला अजून होत नाही. खालून कुणीतरी धरेल असं वाटतं.

वहिनी म्हणाली, "मीही येते." मग मला राहवेना. होडी उलटल्यावर तू माझा हात धरला होतास आणि मीच तो सोडवून घेतला, हे तिला सांगून टाकलं.

ती नकाशाची घडी घालत राहिली. म्हणाली, "माहीत आहे. झोपेत तू रोज हेच बोलतेस. म्हणून तर तुला एकटीला नदीवर पाठवत नाही."

तुझी धाकटी