न हलणारा पट्टा

२ मार्च, सोमवार

तिसरा पट्टाही नापास. हे सकाळी पळून आले, पट्टा काढून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाले, उडतो. किती उडतो विचारलं, तर म्हणे पळताना पोटावर कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं.

सत्तावीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात बेतकाम करतेय. दप्तरं, प्रवासी बॅगा, एकदा एका ट्रम्पेटसाठी पेटी. आणि एक मोबाईल, एक किल्ली, तीन गोळ्या माणसाच्या कमरेवर गप्प बसवता येत नाहीत!

३ मार्च, मंगळवार

एकदाच लिहून ठेवते, म्हणजे परत लिहायला नको. डिसेंबरात यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरीणबाई आता म्हणतात, हळूहळू पळा, पण जिभेखाली ठेवायची गोळी आणि फोन अंगावर हवाच. हे मान डोलावून हो म्हणाले. घरी येऊन गोळ्या फ्रिजवर आणि फोन चार्जिंगला ठेवून पळायला गेले.

हातात धरवत नाही. खिशात वाजतं. बाजारातली कमरेची पिशवी आणली तर म्हणे, "मी काय कंडक्टर आहे?" भांडून पाहिलं. रडूनही पाहिलं. त्याचा परिणाम झाला, पण दोनच दिवस टिकला. मग मी टेप काढला आणि यांची कंबर मोजली.

५ मार्च, गुरुवार

मालकीणबाईंनी माझ्या मशीनवर चौथा नमुना पाहिला. कशासाठी, कुणासाठी, सगळं विचारलं. चांगला जमला तर एका खेळाच्या दुकानाला दाखवते म्हणाल्या. तुमच्या घरीच पळणारा माणूस आहे, तपासायला बाहेर जायला नको — हेही म्हणाल्या. म्हणजे आता यांच्या कमरेचा भाव वधारला.

८ मार्च, रविवार

पुतळ्यावर पट्टा झकास बसतो. पण पुतळा पळत नाही. म्हणून आज मीच पळाले. गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून, चाळीस पावलं. चाळिसाव्या पावलाला पट्टा बरगड्यांपाशी होता आणि माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले होते. चादरी काढायला आलेल्या शेजारीणबाईंनी विचारलं, काही हरवलंय का. म्हटलं हो, कंबर.

पण कळलं! पट्टा बारीक भागाकडे सरकतो. कमरेवर बांधला की वर चढणारच. तो खाली हवा, खुब्याच्या हाडांवर. आणि सरळ पट्टी कापायची नाही, वळणदार कापायची. वरची कड आखूड, खालची लांब. पँट शिवणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. मला सत्तावीस वर्षांत एकदाही पँट शिवावी लागली नाही.

११ मार्च, बुधवार

पाचवा नमुना. यांचा अभिप्राय दोन शब्दांचा — "किल्ली बोलते."

१३ मार्च, शुक्रवार

किल्लीला आतून कापडी फास. गोळ्यांना छोटा वेगळा कप्पा, हात मागे नेला की अंगठा बरोबर तिथेच जावा असा. बकल काढूनच टाकलं, आता पायातून वर चढवायचा. हे एका पायावर उड्या मारत कपाटावर आदळले आणि दोष पट्ट्याला दिला. सहावा नमुना पळण्याआधीच नापास.

१६ मार्च, सोमवार

सातवा नमुना. परत आले, पाणी प्यायले, पेपर उघडला. मी समोर उभी. शेवटी विचारलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "काहीच जाणवलं नाही."

काहीच जाणवलं नाही! स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

१७ मार्च, मंगळवार

आज माझ्या हातून काय झालं असतं ते लिहायलाही नको वाटतं.

कारखान्यात नमुना तपासताना आम्ही खऱ्या वस्तू वापरत नाही. मोबाईलच्या मापाची आणि वजनाची लाकडी फळी घालतो. गोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं. पट्टा मी रोज रात्री भरून खुंटीला अडकवते, हे सकाळी न बघता चढवून जातात. आज हे गेले आणि पाच मिनिटांत यांचा फोन वाजला. घरात. कपाटावर. मी सातवा नमुना आणला तसाच खुंटीला लावला होता, काल रात्रीही भरलेला दिसला म्हणून उघडला नाही. म्हणजे कालही हे फळी आणि बटणं घेऊनच गेले होते.

खऱ्या गोळ्या मुठीत घेऊन घरातल्या सपातांवर बागेपर्यंत धावले. रस्ताभर मला हे कुठेतरी पडलेलेच दिसत होते. तोंडात बटण.

हे बाकावर बसले होते. नुकताच थांबलो म्हणाले. मी यांच्या कमरेवरून फळी काढून दाखवली, मग बटणं. यांनी ती तळहातावर घेऊन नीट पाहिली. "चार भोकांची आहेत," म्हणाले. मी तिथेच रडायला लागले. लोक बघत होते, बघू देत.

२३ मार्च, सोमवार

दुकानाला सातवा नमुना आवडला. तीनशे नग. सकाळी दाखवायला नेलेला नमुना दुपारीच परत आला. मालकीणबाईंनी विचारलं, नीट तपासलाय ना? म्हटलं, आमचे हे रोज पाच किलोमीटर पळतात त्यात, एकदाही हलला नाही. येत्या सोमवारी कटिंग. आता रोज सकाळी पट्टा भरल्यावर तीनदा उघडून बघते. फोन. किल्ली. गोळ्या, खऱ्या.

२८ मार्च, शनिवार

इलॅस्टिक किती सैल पडलं ते मोजायला सातवा नमुना कारखान्यात नेला. ते दोराभरही सैल पडलेलं नव्हतं. आधी खूश झाले. मग पट्टा उलटा केला. घामाने काळ्या कापडावर मिठाचे पांढरे डाग पडतात. एकही नव्हता. ड्रॉवरमधून तिसरा नमुना काढला, त्यावर मिठाचे नकाशेच्या नकाशे. सातव्याला मागच्या बाजूला हिरवा रंग लागलेला. बाकाचा.

तेरा दिवसांत हे पट्ट्यात पळालेलेच नाहीत. बसलेत.

घरी येऊन दोन्ही पट्टे यांच्यासमोर ठेवले आणि काय समजायचं, विचारलं. यांनी तो हिरवा डाग अंगठ्याने पुसून पाहिला. मग म्हणाले, "पळायला लागलो की धडधडतं. ते पळण्याचं की दुसरं कशाचं, मला कळत नाही. घाबरतो गं मी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू पट्ट्यासाठी इतकी झटत होतीस, सांगायला तोंड नव्हतं.

मला भयंकर राग आला. यांचा नाही, माझाच. महिनाभर यांची कंबर मोजतेय आणि हे कसे आहेत ते एकदाही विचारलं नाही. गोळी अंगावर असली की झालं, असं मी धरून चालले होते.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. पळताना धडधडणारच, म्हणाल्या. दुखलं तर थांबा, परवा दाखवून जा, आणि तोवर एकट्याने नको.

२९ मार्च, रविवार

आज दोघं पळालो. बागेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. निम्म्यावर हे थांबले, छातीवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाले, नुसतं धडधडतंय. मी यांचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला. "माझंही," म्हटलं. मग टाकीपर्यंत गेलो.

पट्टा पहिल्या वळणालाच वर चढला आणि शेवटपर्यंत उडत होता. साफ नापास! उद्या कटिंग थांबवायला सांगते.