कोब्यावरची हळद

मोरबी, गुजरात

तीर्थरूप गोजरआत्या,

आपल्या गावाकडं, कुरुंद्याकडं तोंड करून तुझ्या पाया पडतो. (कुरुंदं कोणत्या बाजूला हे इथं कोणालाच ठाव न्हाई, मी चहाच्या टपरीची बाजू धरली.) मी बरा हाय. तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तू बोलतीस अन् मी ऐकतो, म्हणून हे पत्र. तुझी नात प्रतिक्षा वाचून दाखवील. (प्रतिक्षे, कंसातलं मोठ्यानं वाचू नको.)

तर घराचं. आईच्या मागं घराला कुलूप, मी इथं फरशीच्या कारखान्यात. म्हणलं विकून टाकू. संतरामकाका म्हणाले, "हाय तसं दे, मला पाडूनच बांधायचंय." पण इथला मुकादम म्हणला, "पहले चमकाओ, फिर बेचो." मला पटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या खोक्यात भरतो, मग आपल्याच घरानं काय पाप केलं? आधी गावातल्या नेमसिंग मिस्त्रीकडून रंग देऊन घेतला. रंगापुढं दार जुनं दिसाया लागलं, म्हणून दार. दारापुढं अंगण लाजलं, म्हणून सिमेंटचा कोबा. अन् हे सगळं कोणासाठी, तर जे पाडणार त्यांच्यासाठी!

त्यात कोबा वाळतो न वाळतो तोच तू गल्लीला आवतन दिलंस, "माऊलीनं हळद वाळवायला जागा केली!" साऱ्या गल्लीची शिजलेली हळद माझ्या दारात. काका घर बघाया आले तर पाय ठेवायला जागा न्हाई. तू म्हणलीस, "आलाच हायसा तर हळद उलथू लागा." बिचारे दुपारभर उलथत बसले अन् घर न बघताच गेले. कोबा पिवळाधम्मक. आता काका दर पाडून मागून राहिले.

तू फोनवर सांगितलंस तवा लई हसलो आत्या. पण हसलेलं सांगावं कोणाला? इथं एका हातरुणावर दोघं. मी पाळीहून आलो की तो पाळीला जातो. हातरूण गरम लागतं, पण त्याचं तोंड अजून धड बघितलं न्हाई.

तर सुधारणा तोट्याचीच. नेमसिंग मिस्त्रीला थांबव, हळद उचल, काकांना व्हय म्हण.

तुझा,
माऊली

ता.क. मिस्त्रीला थांबवू नको. आई गेल्यापासून मी लावल्याबिगर मला कोणाचा फोन येत नव्हता. आता तो रोज फोन करून विचारतो, "माऊली, खिडकीला हिरवा का निळा?" मी अजून ठरवलं न्हाई. ठरवणारबी न्हाई.

ता.ता.क. काकांना न्हाई म्हण. पाडव्याला येतो. हळदीत माझ्या हातरुणापुरती जागा सोड. (प्रतिक्षे, एवढं मात्र मोठ्यानं वाच.)