डावीकडे फिरणारा उंदीर

४ जानेवारी १९३२
कचेरी. संध्याकाळी पिठलंभात. हिचा पांढरा उंदीर पिंजऱ्यात एकाच जागी गोल गोल फिरतो आहे. डावीकडे, मान तिरकी करून. हिच्या आजारपणात मेहुण्याने करमणुकीसाठी मुंबईहून आणला होता. ही दिवाळीआधी गेली. मला त्याचा लळा वगैरे नाही. फिरणे म्हणजे एक्सरसाइज. काळजी नको.

६ जानेवारी
खातो कमी, फिरतो जास्त. कारण सापडले. ओटीची जमीन डावीकडे उतरती आहे. पिंजऱ्याखाली करवंटीचा तुकडा सारला. आता सरळ चालेल.
संध्याकाळी: चढावरही डावीकडेच. सवय मोडायला वेळ लागणारच.

९ जानेवारी
थोरली बहीण आक्का माझे बघायला येऊन राहिली आहे. म्हणाली, "दत्तू, देवाला प्रदक्षिणा उजवी घालतात. हा मेला डावी घालतो. लक्षण बरं नाही." मी म्हटले, त्याला देव कुठे ठाऊक? तरी ती आत गेल्यावर हातात धरून उजवीकडे फिरवला. चावला. म्हणजे अंगात जोर आहे.

१२ जानेवारी
गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्याकडे म्हशीचा डोस. त्यात हा बुडेल." कंपाउंडर हसला. मग नीट पाहून म्हणाले की मेंदूत नाहीतर कानात बिघाड आहे, इलाज नाही. त्यांचा अभ्यास बैलांचा. उंदरातले काय कळणार? शेवटी शेवटी ही त्याच्याशीच बोलायची. माझ्याशी बोलायला तिला दम लागे. असो. टॉनिक सुरू करावे.

१५ जानेवारी
टॉनिक सांडले. उंदीर चालताना कलंडतो. शेजारचे आत्मारामपंत आले. घाटावर प्लेग आहे म्हणतात. "तुमच्याकडे उंदीर मरून पडला, तर आम्ही बायकापोरं घेऊन गावाबाहेर सड्यावर झोपड्या बांधायच्या काय?" मी म्हटले, हा पाळीव आहे, पांढरा आहे. "प्लेगला रंग दिसतो होय?" म्हणाले. रविवारपर्यंत ठणठणीत करतो, असा शब्द दिला. आत्मविश्वासाने दिला.

१७ जानेवारी, रविवार
आक्का भाट्ये गावी गेली. सकाळी उंदीर फिरायचा थांबला. मान टेकून शांत बसला. गुण आला असे वाटले. दूध कोमट करायला उठलो. वाटी घेऊन आलो तो गार.
उंदीर मेला असे बोलायची सोय नाही. आळी रिकामी होईल. परसात माडाच्या मुळाशी पुरला. हिचे असे आता घरात जिवंत काही नाही. वर माती ओढत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून आत्मारामपंतांनी विचारले, कसा आहे? म्हटले, फिरायचा थांबला. "वा! शब्द पाळलात," म्हणाले आणि खूश होऊन आत गेले.
विहिरीवर गेलो. डोक्यावरून पाणी घेतले. थंडी होती. धोतर पिळून दोरीवर टाकले.