झरीची बाभळ आणि सोडून द्यायचे शब्द

माय, या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण त्यातलं बरंच तू गेल्यावर झालं. तिफणी केल्या, वखर केले, डवरे केले, मोडक्या बैलगाड्यांची चाकं पुन्हा बसवली. वेल्डिंग कुणी शिकवलं नाही. डोळे सुजवून घेतले आणि शिकलो. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र केलं, त्यातली बी सोडणारी चकती केली, घराचा दरवाजा केला. तुझ्या तिरडीचे बांबूही मीच तासले, गाठींपाशी तुला बोचू नयेत म्हणून. इंग्रजीसुद्धा मी अशीच केली. शाळा सुटली तरी परभणीच्या बाजारातून जुनी डिक्शनरी आणली आणि पानं सुटेपर्यंत वापरली. तू म्हणायचीस, "त्या बुकात काय पुरलंय का रं, रोज उकरायलास?"

त्याच डिक्शनरीचं परवा काम पडलं. पेरणीयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला माझी चकती पाहिजे. त्यांनी करारनामा पाठवला, सगळा इंग्रजीत. दारं लावून एकेक शब्द बघत बसलो. एका सोडून देण्याला या लोकांकडं किती शब्द आहेत, माय! हँडओव्हर म्हणजे आपल्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं, तू शेजारणीला विरजण द्यायचीस तसं. सरेंडर म्हणजे ज्याच्यापुढं आपलं चालत नाही त्याच्या हवाली करणं. वेव्ह म्हणजे मागायचा हक्क असून न मागणं. असाइन म्हणजे नावावर करून देणं. आणि रिलिंक्विश. इथं मात्र मी थांबलो. आपलं आहे हे माहीत असून सोडायचं, आणि पुन्हा त्याच्याकडं वळून बघायचं नाही. डिक्शनरीत उदाहरणाला कुण्या राजाची गादी होती. मला झरी आठवली, तुझं माहेर.

परभणीच्या रजिस्ट्री कचेरीत तू बाकावर बसली आहेस. दोन्ही मामा भिंतीला टेकून उभे आहेत. मला नुकतं मिसरूड फुटलंय, तुझ्या सोबतीला आलोय. तुझ्या बापाच्या जमिनीतला तुझा वाटा तू भावांना सोडून द्यायलीस. कारकून मान वर न करता विचारतो, "बाई, खुशीनं सोडायलात ना हक्क? कुणाची जबरदस्ती न्हाई?" तू मामांकडं बघतेस, मग स्वतःच्या हातांकडं. "खुशीच लिवा," म्हणतेस. अंगठ्याची शाई तू पदराला पुसली नाहीस. बाकाच्या खालच्या अंगाला पुसलीस. ते फक्त मी पाहिलं.

मग झरीला गेलो. हक्क सोडलेल्या बहिणीला माहेरानं साडीचोळी करायची, तिनं ती नेसून देवापुढं वाकायचं, हा आपल्याकडचा रिवाज. मामीनं ताट आणलं. साडी चांगली होती, हिरवी, जरीच्या काठाची. तू हात लावला नाहीस.

"साडी ऱ्हाऊ द्या, भाऊ. बांधावरची ती बाभळ पडलीय न्हवं वाऱ्यानं, ती द्या मला."

मोठे मामा हसले. "बाभळीचं काय करती गं? तुजी चूल लय मोठी झाली का?"

"पोरगं ठोकाठोक करायलंय. त्याला बरं लाकूड पायजे."

मामी ताट घेऊन तशीच उभी. "वन्सं, भावानं बहिणीला लाकडं दिली म्हणतील लोक. लाकडं कवा देत्यात, कळतंय का तुमाला?"

"कळतंय की. तवा लागतील ती येगळी द्या."

मामांचं हसू तिथंच गेलं. बाभळ मिळाली, बैलगाडीत घालून आपण ती आपल्या पेडगावला आणली. पण साडी परत केली म्हणजे नातं परत केलं, असं झरीनं धरलं. त्या दिवाळीला तुला न्यायला मुराळी आला नाही. करंज्यांचा डबा बांधून तू ओसरीवर बसलीस, अंधार पडल्यावर उठलीस आणि म्हणालीस, "कामं असतील त्यांना." पुढच्या दिवाळीला डबा बांधला नाहीस. तेव्हा मी लाकडाच्या नादात होतो. जमीन सोडलीस ते मला दिसलं होतं. त्या बाभळीपायी माहेरही सोडलंस, हे कळायला मला स्वतःच्या लेकीला सासरी धाडावं लागलं.

बाभळ विहिरीच्या पाण्यात मुरवली, सावलीत वाळवली आणि तिची पहिली तिफण केली. खोड जरा वाकडं आलं. शेजारचे आबा म्हणाले, "ही तिफण हाय का पाळणा?" तू ओटीत ज्वारी घेऊन तिफणीमागं चालू लागलीस, चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरलीस. मी तुझ्या बाजूनं चाललो होतो. "मूठ उघडायची न्हाई रं," तू म्हणालीस, "ढिली करायची. बी आपनहून जातंय." पुढं ट्रॅक्टर आले आणि मी चकती करायला घेतली, तेव्हा तीच मूठ माझ्यापुढं होती. चकतीतून बी ढिगानं पडायचं. तू अंगणात गोणपाटावर बी सोडून दाखवायचीस आणि मी कानशीनं भोकं घासायचो. तुझे हात तेव्हा थरथरायला लागले होते, मूठ मात्र थरथरत नव्हती. एक दिवस गोणपाटावरच्या दोन्ही ओळी सारख्या दिसल्या. "आता बराबर हाय," म्हणालीस. तुझ्या तोंडून माझ्या कामाचं एवढंच कौतुक.

काल कंपनीची दोन माणसं देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात भेटली. भली माणसं. पुढं मी ही चकती करायची नाही, आणि बाभळीची तिफण त्यांच्या शोरूमला द्यायची, अशी अट. मी कबूल होतो. पेन उघडलं होतं. खाली शेवटची ओळ होती: हे सगळं मी स्वतःच्या खुशीनं, कुणाच्याही जबरदस्तीशिवाय सोडत आहे. मी टोपण लावलं.

"काका, फॉर्मॅलिटी आहे हो ती. आकडा कमी वाटतोय का?"

"आकडा बराय. पण चकती माझ्या एकट्याची न्हाई."

"पार्टनर आहे का कुणी? मग त्यांचीही सही घेऊ."

"ती अंगठा करायची," म्हणालो आणि उठलो. चहा तसाच राहिला.

गावात सांगतो, अटी पटल्या नाहीत. तसं नाही, माय. त्या ओळीवर मला अक्षरंच दिसेनाशी झाली. पोराला पुण्यात घर घ्यायचंय. त्याला आणि तुझ्या सुनेला आकडा अजून सांगितलेला नाही. हा तुला लिहिलेला कागदही कुठं धाडायचा नाही, तिफणीच्या चाड्यात ठेवीन. तुला तेवढं सांगतो: चकती आणि बाभळीची तिफण, दोन्ही मिळून चौदा लाख देत होते. मी नाही म्हणालो.