अम्मांच्या नावाचा हापसा

११ जानेवारी

आज यांना माती दिली. मय्यतीला अंघोळ घालायला धाकटे दीर रुहुल एकटेच पुढे झाले. बाकीचे दारात उभे. "हात बघितलेस ना त्याचे? लागेल बिगेल!" कुणीतरी कुजबुजलं. मला ऐकू आलं.

१४ जानेवारी

यांची चादर-भांडी आणायला इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. उशाशी पाण्याची बाटली राहिली होती, ती त्यांनी तपासायला दिली होती. रुहुल रोज घरून भरून आणायचे – यांना दुसरं पाणी चालत नसे.

पाण्यात आर्सेनिक. भरपूर!

छातीवरचे थेंबाथेंबांचे डाग, तळहातावरचे टणक दाणे, त्यातलाच चिघळलेला कर्करोग – सगळं त्यानेच. बाई म्हणाल्या, "बिघडलेली पेशी शरीर एरवी ओळखून मारतं. हे विष त्या राखणदारांनाच लुळं करतं. म्हणून कर्करोग फोफावला, जखम भरेना, आणि शेवटी न्यूमोनियाने नेलं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. इतकी वर्षं ते डाग बघून एक प्रश्न सुचला नाही.

१५ जानेवारी

तो हापसा! सासूबाई गेल्यावर यांनीच मशिदीपाशी खोदून घेतला, त्यांच्या नावाने. लोक पाणी पितील तोवर त्यांना पुण्य. म्हणायचे, "माझा प्रत्येक घोट अम्माच्या खाती."



१९ जानेवारी

लेकीचा, तहमिनाचा सासरहून फोन. सातवा लागलाय. "अम्मी, अब्बांनी पाठवलेला हापशाच्या पाण्याचा कॅन अजून अर्धा आहे. थोडं थोडं पिते, संपू नये म्हणून."

ओरडलेच मी. "ओतून दे! आत्ता!" पोर रडायला लागली.

२० जानेवारी

रुहुलना म्हटलं, हापसा बंद करा.

"भाभी, भाईजानचा चाळिसावा दिवस व्हायचाय, आणि तुम्ही अम्माचं पुण्य तोडायला निघालात?"

"विष आहे त्यात."

"मी पितोय ना? मेलो का?"

२४ जानेवारी

शेजारच्या हस्ना खाला म्हणाल्या, "अगं, वीसेक वर्षांमागे तो लालच होता की! सरकारची माणसं सगळे हापसे तपासून रंगवत गेली – चांगल्याला हिरवा, वाईटाला लाल. चार दिवसांनी बघते तर खरवडलेला. मला वाटलं, पुन्हा तपासला असेल."

मी तेव्हा माहेरी होते, माझ्या अब्बांच्या आजारपणात. मला कुणी सांगितलं नाही.

खरवडणारं दुसरं कोण असणार? माणूस इतका आंधळा असतो? रुहुलना चहा विचारला नाही. बोलणंच बंद केलं.

३१ जानेवारी

जुम्म्याला इमामसाहेब बोलले. "लोकांना विष पाजलं, तर मेलेल्याला पुण्य पोचत नाही." तरी दुपारी बायका कळश्या घेऊन तिथेच! मी आडवी गेले. एक म्हणाली, "बाई, शाळेत शिकवा. इथं सगळं गाव पितंय."

तिच्या कडेवर लेकरू होतं.

४ फेब्रुवारी

रुहुलनी हापशाचा दांडा काढून आणला, माझ्या पायरीवर ठेवला. बसले नाहीत.

"रंग मी नाही खरवडला, भाभी. भाईजाननी. तपासणाऱ्यानं त्यांनाच समोर बसवून सगळं समजावलं होतं. म्हणाले, अम्माच्या नावाला लाल नको."

तहमिना तेव्हा दोन वर्षांची, माझ्या अंगावरचं दूध नुकतंच तुटलं होतं. तिचा पेला हेच त्या हापशावरून भरून आणायचे.